प्रगतिपुस्तकाच्या झेरॉक्ससाठी पाच महिने: मोफत विधी सेवेचा माझा अनुभव

माझी गाडी रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास त्या शाळेच्या फाट्यावर थांबते. पंधरा-वीस पोरं उतरतात. त्यांचे पास मी तपासते, पासावर शाळेचा गोल शिक्का असतो. मी एसटीत कंडक्टर आहे, जळगाव विभागात, चौदा वर्षं झाली. त्याच शाळेत माझा मुलगा शिकतो. तो गाडीने येत नाही, कारण वडिलांचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. घटस्फोटानंतर तो तिकडे राहतो.

या शाळेने माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स मला द्यायला नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ एवढा काळ घेतला. ती मिळाली तालुका कोर्टातल्या मोफत विधी सेवेमुळे, म्हणजे तिथून फी न घेता मिळालेल्या वकिलांमुळे. या सेवेबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं मला शोधूनही सापडलं नव्हतं, म्हणून मी लिहिते आहे. मूल ज्यांच्याजवळ राहत नाही अशा आया आणि बाप आपल्याकडे कमी नाहीत. माझ्याच डेपोत तिघं आहेत.

आमचा घटस्फोट २०२२ मध्ये परस्परसंमतीने झाला. माझी ड्युटी कधी पहाटे पाचची, कधी मुक्कामाची. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्याचा जीव आजीत. ताबा वडिलांकडे राहावा हे मीच मान्य केलं आणि तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेट, दिवाळीची अर्धी सुट्टी, मे महिन्यातले पंधरा दिवस. पोटगी, भांडी, दागिने, सगळं हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशात लिहिलं. नऊ पानांत शाळेबद्दल एक ओळ नव्हती. ती असायला हवी हे त्या वेळी मला सुचलं नाही आणि कुणी सुचवलंही नाही.

जून २०२३ मध्ये तो पाचवीला या शाळेत आला. अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी. पहिलं वर्ष मी त्यालाच विचारून विचारून काढलं. "कसा गेला पेपर?" "बरा." एवढंच. २०२४ च्या दिवाळीत तो माझ्याकडे जळगावला होता. मी त्याला गणिताचं पुस्तक काढायला लावलं. वहीत निम्मी गणितं अर्धवट होती. आकडे चुकलेले नव्हते, उतरवूनच घेतलेले नव्हते. विचारलं तर म्हणाला, "सर भरभर पुसतात." मला पटलं नाही. सुट्टी संपल्यावर साप्ताहिक रजेच्या दिवशी मी शाळेत गेले.

ऑफिसमधल्या भाऊसाहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलणं नीट होतं, हे मी आवर्जून सांगते. मी म्हटलं, मुलाचं प्रगतिपुस्तक बघायचं आहे आणि वर्गशिक्षकांशी बोलायचं आहे. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, पालकाच्या रकान्यात वडिलांचं नाव आहे. त्यांची सही आणा, देतो." मी म्हटलं, आईच्या रकान्यात माझं नाव आहे की. ते म्हणाले, "ते आईचं नाव आहे. पालक वडील आहेत."

हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घेऊन फिरले.

पुढच्या आठवड्यात हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी ती वाचली आणि म्हणाले, यात शाळेची कागदपत्रं तुम्हाला द्यावीत असं कुठे लिहिलंय? मी म्हटलं, देऊ नयेत असं तरी कुठे लिहिलंय? ते म्हणाले, "मॅडम, उद्या वडील येऊन मला विचारतील. कोर्टाचा स्पष्ट आदेश आणा." वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी जून महिन्यात आले होते. त्या भेटीनंतर दोन दिवसांनी माझा नंबर काढला गेला.

डेपोतल्या एका सहकाऱ्याने माहितीचा अधिकार सुचवला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. शाळा अनुदानित असल्यामुळे अर्ज घेतला गेला, तीस दिवसांच्या आत उत्तरही आलं: मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. माझा मुलगा, आणि मी त्याला त्रयस्थ. तो कागद मी नीट घडी घालून ठेवला आहे. अपील करता आलं असतं. पण मी तोवर दमले होते, आणि खरं कारण वेगळं होतं. गाडी फाट्यावर थांबली की मला त्या शाळेकडे बघवत नव्हतं.

१५१०० हा नंबर मी एका बसस्थानकावरच्या फलकावर वाचला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. फोन केला, माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जायला सांगितलं. मी विचारलं, माझा पगार चालू आहे, मला मोफत कसं मिळेल? त्यावर कळलं की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ खाली महिलेला आणि बालकाला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला मागितलाच नाही. पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत किंवा त्या कलमातल्या इतर गटांत बसावं लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती त्यात येतात. माझ्यासारखी आई त्यात थेट बसते.

समितीचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली. बाहेर पाटी नाही. दोन वकिलांना विचारलं, त्यांनाही नेमकं सांगता आलं नाही. चहावाल्याने दाखवलं. एक पानाचा अर्ज, आधार कार्डाची झेरॉक्स, हुकूमनाम्याची झेरॉक्स आणि माहितीच्या अधिकारात आलेलं शाळेचं उत्तर, एवढ्यावर काम झालं. अर्ज भरायला तिथल्या ताईंनी मदत केली. माझ्यासमोर एक आजी होत्या, लेक घरात घेत नाही म्हणून आलेल्या. त्यांचा अर्ज ताईंनी स्वतः लिहिला, वाचून दाखवला, मगच अंगठा घेतला. ते बघून मला धीर आला.

आता उणीव. मला जे पहिले पॅनेल वकील, म्हणजे समितीच्या यादीतले वकील दिले, ते दोनदा भेटलेच नाहीत. प्रत्येक वेळी मी ड्युटी बदलून आले होते. ड्युटी बदलणं म्हणजे दुसऱ्या कंडक्टरच्या घरातलं काम बुडवणं असतं. तक्रार केल्यावर वकील बदलून मिळाले, पण त्यात तीन आठवडे गेले. कामकाज फक्त कोर्टाच्या दिवशी. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बाईसाठी महिन्यातून एक शनिवार जरी ठेवला तरी फार मोठी सोय होईल.

दुसऱ्या वकील मॅडम मात्र वेगळ्याच. त्यांनी आधी माझी सगळी कागदपत्रं वाचली. माझं बोलणं नंतर ऐकलं. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही दार चुकलात. नागरिक म्हणून मागितलं की ती दुसऱ्याची माहिती होते. तुम्ही आई म्हणून मागा." आणि केस टाकायचं नाव न काढता त्यांनी एक पत्र लिहायला घेतलं.

त्या पत्रात काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण हेच कुणालाही उपयोगी पडेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २ मध्ये पालक या शब्दाची व्याख्या आहे. त्यात आई किंवा वडील, मग ते जन्मदाते असोत, सावत्र असोत की दत्तक घेतलेले. मूल कुणाजवळ राहतं याचा त्यात उल्लेख नाही. त्याच कायद्याचं कलम २४ शिक्षकांची कामं सांगतं. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगणं हे त्या कामांपैकी एक. सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांना हा कायदा लागू आहे. माझा मुलगा अकरा वर्षांचा. पुढे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा. त्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि वडिलांनंतर आई असं लिहिलं आहे. पण त्या 'नंतर'चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असाच घ्यायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं. शेवटी एक साधी गोष्ट: हुकूमनाम्याने मुलाचा ताबा वडिलांना दिला आहे, आईचं आईपण काढून घेतलेलं नाही. तशी मनाई असेल तर शाळेने ती दाखवावी.

पत्राची भाषा फार जड होती. दोन वाक्यं मला तीनदा वाचावी लागली. मी मॅडमना म्हटलं, सरांना समजेल असं लिहा ना. त्यांनी ऐकलं आणि शेवटचा परिच्छेद साध्या मराठीत लिहिला. मला वाटतं काम त्या परिच्छेदानेच केलं.

त्या परिच्छेदात मॅडमनी एक फरक स्पष्ट केला होता. कागद देणं वेगळं आणि मूल हवाली करणं वेगळं. शाळा सुटल्यावर मुलाला माझ्यासोबत पाठवा अशी माझी मागणी नाही. शाळेच्या आवारात मी वडिलांशी किंवा आजीशी वाद घालणार नाही. मला हवी आहेत प्रगतिपुस्तकं, हजेरी, शाळेतल्या आरोग्य तपासणीची नोंद आणि पालक सभेचं निमंत्रण. तसं हमीपत्रही मी सोबत जोडलं. मार्चच्या मध्याला पत्र रजिस्टर पोस्टाने मुख्याध्यापकांना गेलं, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना.

बाराव्या दिवशी मुख्याध्यापकांचा स्वतःचा फोन आला. भेटायला बोलावलं. तेव्हा त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की आधीच्या एका शाळेत असताना आईवडिलांच्या भांडणात मूल फाटकातूनच नेलं गेलं होतं आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्यांना चढाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून ते घाबरत होते. त्यांची भीती मला समजली. हेच त्यांनी नोव्हेंबरमध्ये सांगितलं असतं तर हमीपत्र मी त्याच दिवशी लिहून दिलं असतं. मनाई हुकूम आहे का हे शाळेने विचारलंच पाहिजे, विशेषतः मारझोडीची प्रकरणं असतात तिथे. पण मनाई नसताना आईला वडिलांची सही आणायला सांगणं बरोबर नाही, हे माझं मत मी त्यांना तोंडावर सांगितलं.

माझ्या मामेभावाची मुलगी अमेरिकेत असते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तिथे १९७४ पासून यासाठी कायदा आहे, त्याला फेर्पा म्हणतात. मूल कुणाजवळही राहो, शाळेच्या नोंदी बघण्याचा हक्क दोन्ही पालकांना असतो. तो काढून घेतल्याचा कोर्टाचा आदेश किंवा तसा कायदेशीर कागद असेल तरच शाळा नकार देते, आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत नोंदी दाखवाव्या लागतात. म्हणजे तिकडे नकाराचा कागद लागतो आणि माझ्याकडे इथे होकाराचा मागितला गेला. वकील मॅडमनी सांगितलं की आपल्या विधी आयोगानेही २०१५ च्या २५७ व्या अहवालात मूल दोघांनी मिळून वाढवण्याची वाट कायद्यात असावी अशी शिफारस केली आहे. त्या अहवालाचं पुढे काही व्हावं असं मला फार वाटतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झेरॉक्स हातात आल्या. भाऊसाहेबांनी स्वतः काढून, शिक्के मारून दिल्या. पाचवीची दोन सत्रं, सहावीचं पहिलं सत्र, हजेरीचा उतारा आणि आरोग्य तपासणीची नोंद. मी फाट्यावरच्या पिंपळाच्या पारावर बसून वाचल्या. गणितात पाचवीच्या पहिल्या सत्राला ब-१, दुसऱ्याला ब-२, सहावीला क-२. वर्णनात्मक नोंदीत वर्गशिक्षकांनी पाचवीलाच लिहिलं होतं, "फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना अडचण येते." सहावीला पुन्हा तेच, फक्त खाली रेघ ओढलेली. आणि आरोग्य तपासणीचा कागद ऑगस्ट २०२३ चा होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन गेलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, दृष्टी कमी, ग्रामीण रुग्णालयात पुढील तपासणी करावी.

वीस महिने. शिक्षकांनी काम केलं होतं, डॉक्टरांनी केलं होतं. चिठ्ठी दप्तरातून घरीही गेली होती. मी त्याच रविवारी आजीला विचारलं. त्या रडवेल्या झाल्या. "माले वाचता येत नही, बाई. ती चिठ्ठी डबामा ठेयेल शे." खरंच डब्यात होती, रेशन कार्डासोबत, जपून ठेवलेली. मुलाचे वडील तेव्हा केळीच्या कापणीत होते, रात्री उशिरा घरी यायचे. यात मी कुणाला दोष देत नाही. पण ज्या एका माणसाने ती चिठ्ठी वाचून दुसऱ्या दिवशी रजा टाकली असती, त्याच माणसाला शाळेने पालक नाही म्हणून परत पाठवलं होतं.

जळगावला डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोन. साडेनऊशे रुपयांचा चष्मा. बसस्थानकावर उभे होतो, तर समोरच्या फलाटावर गाडी वळत असतानाच तो म्हणाला, "आई, चोपडा. ती चोपड्याची आहे." आधी तो मला विचारायचा, कोणती गाडी? मला वाटायचं, कंडक्टरचं पोरगं म्हणून गंमत करतो.

विधी सेवेने पुढचं कामही केलं आणि माझ्या दृष्टीने तेच या सेवेचं सगळ्यात चांगलं अंग आहे. मॅडम म्हणाल्या, शाळा बदलली, मुख्याध्यापक बदलले की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून मुलाच्या वडिलांना मध्यस्थीसाठी बोलावलं. दोन बैठका झाल्या. पहिलीत ते फार कमी बोलले. त्यांना वाटत होतं की मी शाळेतून पुरावे गोळा करून ताबा मागणार. दुसऱ्या बैठकीला मी चष्म्याचं बिल न नेता ती आरोग्य तपासणीची चिठ्ठी नेली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाचली आणि बराच वेळ तशीच हातात धरून बसले. मग म्हणाले, "लिहा काय लिहायचं ते."

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण याबद्दलचा आदेश हुकूमनामा झाल्यानंतरही बदलून घेता येतो. ज्या कोर्टाने घटस्फोट दिला होता तिथेच आम्ही दोघांनी संयुक्त पुरसिस, म्हणजे दोघांच्या सहीचं लेखी निवेदन दिलं. शाळेने दोन्ही पालकांना निकाल, हजेरी आणि सभेची सूचना द्यावी. तातडीच्या प्रसंगी वडिलांचा फोन लागला नाही तर आईला करावा. शाळा बदलायची असेल तर महिनाभर आधी आईला कळवावं. आदेश जूनमध्ये झाला, दीड पानाचा. त्याची नक्कल शाळेने मुलाच्या फाइलला लावली आहे.

या सगळ्याला माझा खर्च किती आला ते सांगते, कारण लोक आधी तेच विचारतात. वकिलांची फी शून्य. झेरॉक्स, पोस्ट, नक्कल फी, कोर्टाचे स्टॅम्प आणि चहापाणी मिळून साडेसहाशेच्या आत. रजा मात्र नऊ गेल्या. पाचपैकी चार गुण मी या सेवेला देते. एक कापला तो पहिल्या वकिलांसाठी आणि नसलेल्या पाटीसाठी. शाळेला नोव्हेंबरमध्ये एकही दिला नसता, आज तीन देते. या जूनपासून त्यांनी प्रवेश अर्जात आई आणि वडील या दोघांच्या फोन नंबरसाठी वेगवेगळ्या ओळी छापल्या आहेत. भाऊसाहेबांनी मला तो कोरा अर्ज मुद्दाम दाखवला.

कुणी जाणार असेल तर हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल आधी काढून ठेवा, पुढे नुसत्या झेरॉक्सवर अडू शकतं. मुलाच्या जन्मदाखल्यावर तुमचं नाव आहे तोही घ्या. शाळेत तोंडी मागू नका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकावर पोच घ्या. मी पहिल्या दोन भेटींची पोच घेतली नव्हती, त्यामुळे मी गेले होते हे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. आणि ज्यांच्या घटस्फोटाचे कागद अजून तयार होत आहेत, त्यांनी शाळेची ओळ आत्ताच घालून घ्या. वकिलांना ती लिहायला पाच मिनिटं लागतात.

जुलैत सातवीची पहिली पालक सभा झाली. मुलाचे वडील पुढच्या बाकावर होते, मी मागे. सरांनी सहीची वही फिरवली. विद्यार्थ्याच्या नावापुढे वडिलांची सही आधीच होती. शेजारी 'नाते' असा रकाना होता. मी खालच्या ओळीत मुलाचं नाव पुन्हा लिहिलं आणि त्या रकान्यात 'आई' लिहून सही केली. पुढची सभा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या शनिवारी आहे, दुपारी दोनला. त्या दिवशीची ड्युटी मी आत्ताच बदलून घेतली आहे.